रिकाम्या भूखंडावरील उमेदवारी

अमेरिकेतील शाळा जूनच्या सुमारास बंद होतात आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या आरंभी पुन्हा भरतात. मधले दहा-अकरा आठवडे कसे जावेत, हे त्या देशात बव्हंशी आईबापांच्या उत्पन्नावर अवलंबून असते. सुखवस्तू घरांतील मुलांचा हा काळ निसर्गशिबिरे, प्रवास, पोहणे आणि पियानोच्या शिकवण्या यांनी भरलेला असतो. ज्या घरातील कर्ती माणसे ताशी मजुरीवर राबतात आणि मुलाला शाळेत मिळणारे दुपारचे जेवण हाही ज्या घरखर्चाला मोठा हातभार असतो, त्या घरात मात्र सुट्टी म्हणजे निव्वळ रिकामपण. हे रिकामपण चौदा ते अठरा या वयात येते तेव्हा ते निरुपद्रवी राहत नाही. शिकागोसारख्या शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांत उन्हाळा सुरू झाला की गोळीबाराच्या बातम्या वाढतात, हा तेथील दरवर्षीचा अनुभव आहे. त्या शहरात २०१६ या एका वर्षात साडेसातशेहून अधिक खून झाले. मरणारांत आणि मारणारांत तरुणांचा भरणा मोठा होता.

एके काळी अशा मुलांना उन्हाळी नोकरी हा आधार होता. दुकानात सामान लावणे, आइस्क्रीमच्या गाड्यावर उभे राहणे, बागेतील गवत कापणे अशी हलकी कामे विद्यार्थ्यांसाठी जणू राखून ठेवलेली असत. तो आधार हळूहळू सुटत गेला. सोळा ते चोवीस वयोगटातील, काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या अमेरिकन तरुणांचे प्रमाण १९८९ च्या जुलै महिन्यात ७७.५ टक्के होते. अलीकडच्या वर्षांत ते साठ टक्क्यांच्या आसपास आले आहे. ही सारी घट दुःखद आहे असे नाही. कित्येक मुले उन्हाळ्यातही अभ्यास करू लागली, हेही तिचे एक कारण आहे. परंतु ज्याला ना अभ्यासवर्ग परवडतो ना नोकरी मिळते, अशा मुलाचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. शिकागो शहराने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर मोठे अनपेक्षित होते. त्या मुलांना चित्रकार, शिल्पकार, नट आणि कवी यांच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवावे आणि त्या उमेदवारीचे पैसे द्यावेत, असे ते उत्तर होते.

सदतीस क्रमांकाचा भूखंड

शिकागोची पहिली आखणी १८३० साली झाली तेव्हा गावठाणाचे अठ्ठावन्न भूखंड पाडण्यात आले. त्यांपैकी सदतीस क्रमांकाचा भूखंड पुढे शहराच्या ऐन मध्यावर आला. त्याच्या एका अंगाला मार्शल फील्ड यांचे प्रसिद्ध दुकान, तर दुसऱ्या अंगाला न्यायालयांची उंच इमारत आणि तिच्यासमोर पिकासोचे अवाढव्य लोखंडी शिल्प. १९८९ साली या भूखंडावरील बहुतेक सर्व जुन्या इमारती नव्या व्यापारी संकुलासाठी पाडण्यात आल्या. पाडकाम झाले, बांधकामाचे मात्र जमेना. बाजारात मंदी आली, विकासकांचे बेत फसले आणि सुमारे तीन एकरांची अतिशय मोलाची जमीन शहराच्या मध्यभागी ओसाड पडून राहिली.

महापौर रिचर्ड डेली यांच्या पत्नी मॅगी डेली आणि शहराच्या सांस्कृतिक खात्याच्या प्रमुख लोइस वाइसबर्ग या दोघींनी १९९१ च्या उन्हाळ्यात या ओसाड जागेवर तंबू ठोकले. शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतून सुमारे अडीचशे मुलेमुली निवडून तेथे आणण्यात आली. व्यवसायाने कलावंत असलेली माणसे त्यांना शिकवू लागली. आणि या मुलांची नावे विद्यार्थी म्हणून हजेरीपटावर न चढता कामगार म्हणून वेतनपटावर चढली. पैशाचा बराचसा भाग केंद्र सरकारच्या रोजगार-प्रशिक्षणाच्या निधीतून आला. गरीब तरुणांना उन्हाळ्यात काम देण्यासाठी असलेला हा निधी तोवर सफाई, रंगसफेदी आणि कचेरीतील किरकोळ कामे यांवर खर्च होत असे. कुंचला धरणे हेही काम आहे, एवढे या दोन बाईंनी सरकारी दप्तराला पटवून दिले. भूखंडाच्या क्रमांकावरून या उपक्रमाला ‘गॅलरी ३७’ असे नाव पडले. मुलांनी रंगविलेली बाके, केलेली मोझेइक आणि काढलेली चित्रे विकण्यासाठी दुकान निघाले. विक्रीचे पैसे उपक्रमातच परत घातले जात. २००० साली या कल्पनेतून ‘आफ्टर स्कूल मॅटर्स’ ही संस्था उभी राहिली. तिने उन्हाळ्याबरोबर शाळेनंतरच्या संध्याकाळीही आपल्या कक्षेत घेतल्या आणि कलेच्या जोडीला इतर विषयही आणले. सदतीस क्रमांकाच्या भूखंडावर यथावकाश दुकानांचे संकुल उभे राहिले. तंबू गेले, पण त्या तंबूंतील पद्धत टिकली.

जुन्या परंपरेची नवी आवृत्ती

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली ‘हल हाऊस’ स्थापन केले, तेव्हापासून गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत चित्रशाळा, संगीतशाळा आणि हस्तव्यवसायांच्या कार्यशाळा चालत आल्या होत्या. जाझ संगीतात पुढे कीर्ती मिळविलेला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन हा एका गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा. हल हाऊसच्या मुलांच्या बँडमध्ये त्याने वादनाचे धडे घेतले होते.

तथापि कलेसाठी सरकारने वेतन द्यावे ही कल्पना महामंदीच्या काळातली. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या राजवटीत १९३५ साली बेकार चित्रकारांना, लेखकांना आणि नटांना सरकारी कामावर घेण्याच्या योजना निघाल्या. त्याच वर्षी तरुणांसाठी ‘नॅशनल यूथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ स्थापन झाले आणि शिकत असतानाच थोडे काम करून थोडे पैसे मिळविण्याची सोय लाखो मुलांना उपलब्ध झाली. शिकागोच्या कृष्णवर्णी वस्तीत १९४० च्या अखेरीस उघडलेले ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’ हे याच सरकारी मदतीचे फळ होते. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स, चित्रकार चार्ल्स व्हाइट, कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या उमेदीच्या काळाशी या केंद्राचे नाते आहे. कादंबरीकार रिचर्ड राइट यांनीही शिकागोतील सरकारी लेखक-योजनेत काम केले होते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना माणसे अपुरी पडू लागली आणि १९४३ पर्यंत या योजना गुंडाळण्यात आल्या. पुढे १९७३ च्या रोजगार-कायद्याखाली पुन्हा एकदा अनेक शहरांनी कलावंतांना वेतनावर घेतले. १९८२ साली तो कायदाही बदलला.

या इतिहासात एक सूत्र दिसते. बेकारी वाढली की सरकारला कलावंताची आठवण होते आणि ती ओसरली की सर्वांत आधी त्याचेच नाव वेतनपटावरून खोडले जाते. ‘गॅलरी ३७’ चे वेगळेपण असे की, तिने कलावंताच्या रोजगाराला किशोरवयीन मुलाच्या रोजगाराची जोड दिली. एकाच खर्चात दोघांची सोय झाली. चित्रकाराला उन्हाळ्याचे उत्पन्न मिळाले आणि मुलाला गुरू मिळाला.

वेतन हेच प्रवेशद्वार

गरीब मुलांना कला शिकवायची तर ती फुकट शिकवावी, वर पैसे कशासाठी द्यायचे, असा आक्षेप कोणीही घेईल. शिकवणी फुकट असली म्हणजे तिला किंमत पडत नाही, असा समज या आक्षेपामागे आहे. अर्थशास्त्र ज्याला संधी-खर्च म्हणते तो येथे विचारात घ्यावा लागतो. एक गोष्ट करताना दुसरी जी सोडून द्यावी लागते, तिचे मोल हा पहिलीचा खरा खर्च. सोळा वर्षांची एखादी मुलगी दुपारी चार तास चित्रे काढते तेव्हा त्या चार तासांत धाकट्या भावंडांना सांभाळणे किंवा खाणावळीत ताटे धुणे यांपैकी काहीतरी ती सोडून देते. वकिलाच्या मुलीला असे काहीच सोडावे लागत नाही. म्हणून विनामूल्य वर्गाची किंमत श्रीमंत मुलीला शून्य आणि गरीब मुलीला पुष्कळ, असा उफराटा न्याय होतो. विद्यावेतनाने हा उफराटेपणा दूर होतो. ते मुलीला दिलेले बक्षीस नसते, घरी उत्तर देण्यासाठी तिच्या हाती दिलेला तो आधार असतो. “चित्रे काढून काय मिळते?” या बापाच्या प्रश्नाला तिला आकड्यात उत्तर देता येते.

वेतनाचा दुसरा परिणाम शिस्तीवर होतो. फुकटच्या वर्गाला उशिरा येणाराला दटावण्यापलीकडे काही करता येत नाही. कामावर उशिरा येणाराचे पैसे कापता येतात. ‘आफ्टर स्कूल मॅटर्स’च्या पद्धतीत मुलाला अर्ज करावा लागतो, मुलाखत किंवा चाचणी द्यावी लागते, ठराविक वेळी हजर राहावे लागते आणि सत्राच्या अखेरीस लोकांपुढे मांडण्याजोगे काहीतरी तयार करावे लागते. हे ‘काहीतरी’ फार महत्त्वाचे आहे. भिंतीवरचे मोझेइक घ्या. आधी कागदावर चित्र, मग चौकटी आखून ते भिंतीएवढे मोठे करणे, फरशीचे तुकडे मापात तोडणे, ते रंगांप्रमाणे लावणे, सांध्यांत लगदा भरणे आणि तो सुकण्यापूर्वी पुसणे. यांतील एकही पायरी वगळून चालत नाही, आणि कोणा एकट्याच्या हातून हे काम होत नाही. एकाने माप चुकविले तर दुसऱ्याचा तुकडा बसत नाही. शाळेत चुकलेले गणित वहीत राहते. येथे चुकलेले माप रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

गुरूच्या नात्याचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. किशोरवयीन मुलाला उपदेश करणारी माणसे पुष्कळ भेटतात. त्याच्याबरोबर काम करणारे प्रौढ माणूस क्वचितच भेटते. शिक्षक फळ्यापाशी उभा असतो आणि मुलगा बाकावर बसलेला असतो. कार्यशाळेत दोघांचेही हात एकाच मातीत असतात. आपला उस्ताद स्वतःचे काम पुन्हा पुन्हा खोडतो, वैतागतो, तरीही वेळेवर पुरे करतो, हे मुलाला प्रत्यक्ष दिसते. कलेवर पोट भरणे किती कठीण आहे हेही तेथेच कळते, आणि तेही कळणे आवश्यक असते. लोहार, सुतार, गवई यांच्या घराण्यांत ज्याला उमेदवारी म्हणत ती हीच. फरक एवढाच की, तेथे उमेदवारी जातीने किंवा नात्याने मिळे आणि येथे ती अर्जाने मिळते.

पैशाने गोडी जाते काय?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो मानसशास्त्राने घेतलेला आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांच्यापैकी काहींना चित्रांबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल करून ते देण्यात आले. काही दिवसांनी पाहिले तो हीच मुले, बक्षिसाचे आमिष न दाखविलेल्या मुलांच्या मानाने, चित्रे काढण्यात पुष्कळच कमी वेळ घालविताना आढळली. बक्षिसाने खेळाचे काम झाले आणि गोडी गेली. मग चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात कुंचल्याबरोबर पगार ठेवल्यास त्याचेही तसेच होणार नाही काय?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण त्या प्रयोगातील मुलांना पेने, कागद आणि मोकळा वेळ बक्षिसाविनाही मिळतच होता. बक्षीस नसते तरी ती मुले चित्रे काढीतच होती. शिकागोच्या पश्चिम भागातील मुलापुढे पगारी कला आणि बिनपगारी कला असे दोन पर्याय नसतात. पगारी कला किंवा कलेचा पूर्ण अभाव एवढीच निवड असते. शिवाय खेळाला दिलेले बक्षीस आणि श्रमाला दिलेले वेतन यांचा अर्थ मुलाच्या मनात एकच असतो असे मानण्याचे कारण नाही. बक्षीस म्हणजे मोठ्यांची मर्जी, तर वेतन म्हणजे करार. ज्याच्या घरात, गल्लीत आणि शाळेत कोणीही त्याच्याशी सन्मानाचा करार केलेला नसतो, त्याच्या लेखी पहिला पगार ही पैशाहून मोठी गोष्ट असते.

पुरावा काय सांगतो?

सद्भावनेने चाललेल्या योजनांचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. अमेरिकेतील उन्हाळी रोजगाराच्या बाबतीत मात्र तो मागितला गेला, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. अर्ज पुष्कळ आणि जागा थोड्या, म्हणून अनेक शहरांत सोडत काढावी लागते. सोडतीत ज्याचे नाव निघाले आणि ज्याचे निघाले नाही, त्या दोघांत नशिबाखेरीज दुसरा फरक नसतो. त्यामुळे पुढे त्यांच्या आयुष्यात पडलेला फरक योजनेच्या पदरी टाकता येतो.

सारा हेलर यांनी शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात असा अभ्यास केला आणि तो २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिंसाचारग्रस्त भागांतील तेरा शाळांमधून १,६३४ मुलेमुली घेण्यात आली. ज्यांची नावे निघाली त्यांना आठ आठवडे, आठवड्याला पंचवीस तास, ताशी ८.२५ डॉलर्स या तेव्हाच्या किमान वेतनावर काम मिळाले. पूर्ण हजेरी लावणाराच्या हाती साडेसोळाशे डॉलर्स पडत. दर दहा मुलांमागे साधारण एक प्रौढ मार्गदर्शक होता. पुढील सोळा महिन्यांत या मुलांना हिंसक गुन्ह्यांबद्दल झालेल्या अटकेचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलेले आढळले. यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही घट मुख्यतः नोकरी संपल्यानंतरची होती. मुले कामात गुंतली म्हणून तेवढ्यापुरती रस्त्यावरून दूर राहिली, एवढ्याने तिचा उलगडा होत नाही.

न्यूयॉर्क शहरातील सोडतीचा अभ्यास गेल्बर, आयसेन आणि केसलर यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. २००५ ते २००८ या चार वर्षांतील तीन लाखांच्या आसपास अर्जदारांची माहिती त्यांनी तपासली. उन्हाळी काम मिळालेल्या मुलांची पुढील कमाई वाढली काय? नाही, उलट पुढील तीन वर्षांत ती किंचित कमीच भरली. महाविद्यालयात जाणारांचे प्रमाण वाढले काय? तेही नाही. पण तुरुंगात जाण्याचे प्रमाण घटले आणि मृत्यूचे प्रमाण १८ ते २० टक्क्यांनी उतरले. नोकरीची योजना म्हणून पाहिल्यास नापास, आणि जीव वाचविणारी योजना म्हणून पाहिल्यास उत्तीर्ण, असा हा निकाल आहे.

हे दोन्ही अभ्यास सर्व प्रकारच्या उन्हाळी कामांचे आहेत, केवळ कलेचे नव्हेत, हे स्पष्ट केले पाहिजे. ‘आफ्टर स्कूल मॅटर्स’च्या शाळेनंतरच्या उमेदवारीची चाचणी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील बार्टन हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली, तिचा अहवाल २०११ साली आला. संशोधकांनी मुलांच्या खोट्या नोकरीच्या खऱ्या मुलाखती घडवून आणल्या. त्या घ्यायला नोकरभरतीचा अनुभव असलेली माणसे बसविली. उमेदवारी केलेली मुले या मुलाखतींत इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. परीक्षेच्या गुणांतही फरक पडला नाही. मात्र स्वतःवर ताबा ठेवण्यात ती पुढे होती, आणि टोळ्यांत वावरणे, अमली पदार्थ विकणे अशा वर्तनात ती कमी आढळली. शिकागोतील उन्हाळी कामांच्या पुढील वर्षांच्या अभ्यासात हिंसा घटली तरी मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यांत काही काळाने वाढ दिसली, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

तेव्हा कलेची उमेदवारी दिली की मुलगा पुढे चांगल्या पगारावर लागेल, असे वचन कोणी देऊ नये. पुरावा त्या वचनाच्या बाजूचा नाही. तो ज्या गोष्टीच्या बाजूचा आहे ती याहून लहान नाही. सोळाव्या वर्षी हातून घडणारी एखादी अविचारी कृती उरलेल्या साऱ्या आयुष्याचा निकाल लावू शकते. वेतन, वेळापत्रक आणि एक समंजस प्रौढ माणूस यांच्या योगाने ती कृती टळण्याचा संभव वाढतो. या योजनांचे मोजमाप पगाराच्या आकड्यांनी करणे म्हणजे दवाखान्याची परीक्षा त्याच्या औषधविक्रीवरून करण्यासारखे आहे.

सोडत की हक्क?

जी सोडत संशोधकाला सोयीची, ती मुलाला निष्ठुर आहे. जिचे नाव निघाले नाही तिने कोणता अपराध केला? अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९८ च्या कायद्याने तरुणांसाठीची स्वतंत्र उन्हाळी रोजगार योजना इतर योजनांत मिसळून टाकली. नंतर २००९ च्या मंदीत तरुणांसाठी १.२ अब्ज डॉलर्स एकदाच दिले. तेव्हापासून हा भार मुख्यतः शहरे, राज्ये आणि देणगीदार यांच्यावर आहे. न्यूयॉर्कने २०२२ च्या उन्हाळ्यासाठी एक लाख जागांचे लक्ष्य ठेवले, तरी सोडत सुटली नाही. अंदाजपत्रकावर ताण येताच सुट्टीतील चित्रकलेवर पहिली कात्री चालावी, हे तर ठरलेलेच.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे आपल्याकडील एका जुन्या वादाची आठवण होईल. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेली, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यभर सुरू झालेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने अंमलात आलेली रोजगार हमी योजना ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वावर उभी होती. तेथे चिठ्ठ्या टाकण्याला जागा नव्हती. तिच्या खर्चासाठी १९७५ साली जो व्यवसाय कर बसविण्यात आला, तो शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारातून कापला जाऊ लागला. म्हणजे पगारदार वर्गाने परक्याच्या कामाच्या हक्काची किंमत आपल्या खिशातून मोजावी, हे तत्त्व या राज्याने अमेरिकेच्या शहरांआधी मान्य केले होते. ती हमी प्रौढांच्या अंगमेहनतीच्या कामापुरती होती. विद्यार्थ्याच्या श्रमाला प्रतिष्ठा देण्याचे कार्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. साताऱ्यास १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र प्रत्यक्षात आले आणि पुढे विद्यापीठांनी ते उचलले. त्या सूत्रातील ‘कमवा’ बहुधा बाग, ग्रंथालय किंवा कचेरी यांत असते आणि ‘शिका’ वर्गात. शिकागोच्या भूखंडावर ही दोन क्रियापदे एकाच कामात एकत्र आली, एवढाच काय तो पुढचा टप्पा.

आपल्याकडे शाळकरी मुलगा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतो, त्या गुणपत्रिकेत थोड्या वाढीव गुणांची भर टाकतात आणि तेथे त्याचा कुंचला बहुधा कायमचा बाजूला पडतो. उन्हाळी शिबिरे निघतात ती शुल्क भरणाऱ्यांची. शुल्काऐवजी विद्यावेतन, प्रमाणपत्राऐवजी गावाच्या भिंतीवर राहणारे काम आणि परीक्षकाऐवजी बरोबर काम करणारा कलावंत, असा बदल कोणा नगरपालिकेला करून पाहायचा असेल तर त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. बालमजुरीचा संशय येऊ नये म्हणून वयाची, तासांची आणि सुट्टीची मर्यादा काटेकोर पाळावी लागेल, आणि निवडीत वशिला शिरणार नाही याची दक्षता घ्यावी लागेल. या दोन अटी कठीण असल्या तरी अशक्य नाहीत.

शिकागोतील तीन एकरांची ती जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली, तेव्हा तिच्यापायी किती भांडवल अडकून पडले याचा हिशेब वर्तमानपत्रांतून येत असे. त्याच शहरात हजारो मुलांचे उन्हाळे दरवर्षी पडून राहत होते. त्यांचा हिशेब कोणी मांडत नव्हता. पडीक जमीन वाट पाहू शकते, तिची किंमत पुढे वाढतेही. सोळावे वर्ष वाट पाहत नाही. ते ज्या समाजात रिकामे जाते, त्या समाजाला त्याची किंमत पुढे पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांच्या खर्चात मोजावीच लागते. उन्हाळ्याच्या आरंभी द्यावयाचे विद्यावेतन या खर्चापेक्षा स्वस्त पडते, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागू नये.